झोण सगळ्यांचाच

गोव्यात निवडणूक जवळ आली की महिन्याच्या रकमांची पावणी, म्हणजे लिलाव, सुरू होते. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत तृणमूल काँग्रेसने ‘गृहलक्ष्मी’च्या नावाने घरातल्या एका बाईला दरमहा ५,००० रुपये जाहीर केले. आम आदमी पक्षाने अठरा वर्षांवरच्या बायकांना १,००० आणि गृह आधार या गृहिणींसाठीच्या राज्य योजनेच्या लाभार्थींना २,५०० सांगितले, तर काँग्रेसने गरीब कुटुंबांना ६,०००. मग ठरलेली चर्चा सुरू होते. एक बाजू ‘रेवड्या’ म्हणते, दुसरी ‘गरिबांचा हक्क’ म्हणते. देशातल्या प्रत्येकाला किमान उत्पन्नाची हमी देणारा कायदा संसदेने करावा, ही मागणी पुढे आली की हेच दोन शब्द आणखी मोठ्या आवाजात ऐकू येतात. पैसे कोणाला, किती आणि कोणत्या तारखेला मिळणार? आले नाहीत तर जबाबदार कोण? ते थांबवण्याचा अधिकार कोणाच्या हातात? यांतला एकही प्रश्न कोणी विचारत नाही. असा कायदा व्हायला हवा, हे माझे मत. तो प्रत्येक प्रौढ व्यक्तीला उत्पन्नाचा दाखला न मागता सारखी, लहानशी आणि महागाईबरोबर वाढणारी रक्कम देणारा असावा. त्याचा पहिला टप्पा साठीच्या पुढच्यांचा आणि दिव्यांगांचा असावा, आणि रेशन, शाळा, इस्पितळ यांना त्याने हात लावू नये. यापेक्षा सैल काही येणार असेल, तर मात्र विरोधकांचे बरेच आक्षेप खरे ठरतील.

पैसे द्यावेत की नाही, हा प्रश्न खरे तर शिल्लकच राहिलेला नाही. ते आपण देतोच आहोत. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून गोव्यातल्या ज्येष्ठांना महिन्याला २,००० रुपये मिळतात. गृह आधार २०१२ साली १,००० रुपयांनी सुरू झाली, पुढे १,२०० आणि मग १,५०० वर येऊन कित्येक वर्षे तिथेच थांबली. केंद्र सरकार शेतकरी कुटुंबाला २०१९ पासून वर्षाला ६,००० देते. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीला १,५०० सुरू झाले. आता केंद्राचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन पाहा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते ७५ रुपयांनी सुरू झाले, २००७ पर्यंत २०० वर आले. साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब म्हाताऱ्यासाठी केंद्राचा वाटा आजही महिन्याला २०० रुपयेच आहे. तेव्हाच्या किमतींनी हिशेब केला, तर या दोनशेचे आज साठ-पासष्ट रुपये उरतात. याच काळात केंद्रीय कर्मचाऱ्यांना दोन वेतन आयोग लागू झाले आणि महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढत राहिला. कर्मचाऱ्याचा भत्ता निर्देशांकाला बांधलेला आहे, म्हाताऱ्याचे दोनशे कोणाच्या तरी मर्जीला. दोघांच्या पात्रतेचा यात काही संबंध नाही. फरक सूत्र असण्याचा आणि सूत्र नसण्याचा आहे.

पात्रतेचेच बोलायचे, तर गृह आधारची एखादी फाईल उघडून बघावी. आधार, रेशन कार्ड, लग्नाचा दाखला, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, बँकेच्या पासबुकाची प्रत आणि नवरा-बायकोचे मिळून वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असल्याचा पुरावा. या शेवटच्या कागदात सगळी मेख आहे. २ लाख ९९ हजार उत्पन्नाच्या घरात वर्षाला १८,००० येतात, ३ लाख १ हजाराच्या घरात शून्य. म्हणजे नवऱ्याचा पगार वर्षाला दोन हजारांनी वाढला की घर सोळा हजारांनी गरीब होते. मग माणसे काय करतात? वाढलेली कमाई कागदावर येऊ देत नाहीत. हा त्यांचा अप्रामाणिकपणा नाही, मर्यादेच्या रेषेनेच तो त्यांना शिकवला आहे. शिवाय उत्पन्न मोजायचे कसे? टॅक्सीवाल्याची कमाई ऑक्टोबर ते एप्रिलची. ट्रॉलरवरच्या माणसाला १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. बाजारात बांगडे विकणारीला सकाळी आठला भाव एक आणि अकराला दुसरा. मामलेदार कचेरीतला कारकून या कमाईचा आकडा कुठून आणणार? तो अर्जदाराने सांगितलेला आकडा लिहितो, नाहीतर पंचायतीने सांगितलेला. तिथे ओळख लागते. ओळख लागली की लाभार्थी मतदारसंघाचा होतो. यादीत ज्यांची नावे चुकून आली त्यांची चर्चा वर्तमानपत्रांत होते. ज्यांची चुकून गळली त्यांची होत नाही, कारण न भरलेल्या अर्जाला फाईल नसते. घर सांभाळून आई-वडिलांचे शेवटपर्यंत केलेली अविवाहित बहीण तर गृह आधारच्या व्याख्येतच बसत नाही.

‘हमीचे उत्पन्न’ या एका नावाखाली दोन वेगळ्याच गोष्टी येतात, हे चर्चेत विसरले जाते. पहिली रचना तूट भरून काढणारी. सरकार एक किमान आकडा ठरवते आणि तुमची कमाई त्याखाली असेल तर उरलेले देते. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने २०१७ मध्ये हाच प्रयोग मांडला. एकट्या व्यक्तीला वर्षाला १६,९८९ कॅनेडियन डॉलर आणि स्वतः कमावलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्यातून पन्नास सेंट वजा. दुसरी रचना सगळ्यांना सारखे देण्याची आणि जे सुस्थितीत आहेत त्यांच्याकडून करातून परत घेण्याची. अंतिम हिशेब दोन्हींचा सारखा करता येतो. राबवणे मात्र अगदी वेगळे. पहिलीसाठी प्रत्येकाची कमाई सरकारला दरमहा किंवा निदान दरवर्षी कळावी लागते. कॅनडात जवळपास प्रत्येक प्रौढ माणूस करविवरण भरतो, म्हणून तिथे ती कल्पना तरी करता येते. आपल्याकडे बहुसंख्य कामगारांची कमाई कुठल्याच वहीत नसते. तिथे तूट भरायची म्हणजे पुन्हा दाखला आला, दाखल्याबरोबर ओळख आली. श्रीमंतांना कशाला, या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. दोनापावलच्या बंगल्यातल्या माणसाला दिलेले हजार रुपये त्याच्या आयकरातून वळते करणे सोपे आहे, कारण त्याचा पॅन आणि त्याचा पगार दोन्ही सरकारला ठाऊक असतात. गरीब कोण हे शोधण्यापेक्षा श्रीमंत कोण हे शोधणे आपल्या राज्ययंत्रणेला केव्हाही जास्त जमते. शाळेतले माध्यान्ह भोजन आपण कोणाच्या बापाचे उत्पन्न विचारून वाढत नाही, लसही विचारून टोचत नाही.

आता विरोधी बाजूचे मुद्दे. फुकट पैसे मिळाले की माणूस कामाला हात लावत नाही, या आक्षेपाला गोव्यात नुसते हसून उडवून लावता येत नाही. इथे खाजनांची खाजने (खाडीकाठची बांध घातलेली शेते) पडीक आहेत. नारळ काढायला पाडेली मिळत नाही. गेली शंभर वर्षे गोव्याच्या घराघरांत मुंबईहून, आखातातून, बोटींवरून तारवट्यांचे (खलाशांचे) पैसे येत आहेत, आणि ते येणाऱ्या गावांत शेत कसणारे कमी होत गेले, हे डोळ्यांना दिसते. पण पडीक शेताच्या बांधावर उभे राहून पाहिले, तर कारणे वेगळी सापडतात. मानस (खारे पाणी अडवणारा दरवाजा) दुरुस्त नसते, बांध फुटून खारे पाणी आत आलेले असते. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली आणि अनेक ठिकाणी ती कोणीच घेतली नाही. तुकडे इतके लहान की नांगर वळत नाही. आणि शेजारच्या भाटात (नारळाच्या बागायतीत) फ्लॅट उठत असताना भाताच्या भावात कोण रमणार? मनीऑर्डर बंद झाली असती, तर हे शेत कसले गेले नसते, ते लवकर विकले गेले असते. आणि रकमेचे परिमाणही ध्यानात ठेवायला हवे. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची गोव्यातली मजुरी दिवसाला ३५६ रुपये होती. महिन्याला हजार म्हणजे तीन दिवसांची मजुरीही नाही. तेवढ्यावर उरलेले सत्तावीस दिवस कोण बसून राहील?

प्रत्यक्ष अनुभवही हेच सांगतो. २०११-१२ मध्ये मध्य प्रदेशातल्या गावांत ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या मदतीने प्रौढाला महिन्याला २०० आणि मुलामागे १०० रुपये, पुढे ३०० आणि १५०, बिनशर्त दिले. तिथली माणसे दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी थोडी कमी करून स्वतःच्या रानात जास्त राबली. बियाणे, शेळ्या, शिलाई यंत्र घेतले. कॅनडाच्या मॅनिटोबातल्या डॉफिन गावात १९७४ ते १९७९ या काळात असा प्रयोग झाला. काम कमी केले ते मुख्यतः बाळंतिणींनी आणि शाळा न सोडलेल्या मुलांनी, आणि इस्पितळात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे साडेआठ टक्क्यांनी घटले. तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हाताशी हजार रुपये असलेला मजूर पडेल त्या दराला तयार होत नाही. हॉटेलातल्या भांडी घासणाऱ्याचा, बांधकामावरच्या हेल्परचा, पाडेल्याचा दर वाढेल. तो वाढीव दर कोणीतरी भरणार आहे, आणि तो भरणाऱ्यांत आपणही असू. मजुराने भुकेपोटी नडून काम करावे, यावर एखादा धंदा उभा असेल, तर त्याचा तोटा मला मान्य आहे.

‘कष्टाशिवाय मिळालेला पैसा म्हणजे भीक’ असे म्हणणाऱ्यांना गोव्यातली घरे आठवून द्यायला हवीत. इथे पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लग्नानंतर मिळकत दोघांची होते. म्हणूनच १९६१ च्या आयकर कायद्यात गोव्यासाठी खास कलम ५अ घालावे लागले. वेतन सोडून इतर उत्पन्न नवरा-बायकोत निम्मे-निम्मे धरायचे, मग दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा कोणीही असो. त्या निम्म्याला आजवर कोणी भीक म्हटले आहे का? घर उभे राहते ते दोघांच्या जोरावर, हे इथल्या कायद्याने केव्हाच मानले. आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून झोण होताच.

गावकरी, म्हणजे आजची कोमुनिदाद, ही गावाच्या सामायिक जमिनीची संस्था. अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ च्या फोरालात (सनदेत) तिच्या चालीरीती लिहून काढल्या तेव्हाही ती जुनीच होती. रीत अशी की शेतांची पावणी ठरावीक वर्षांनी व्हायची, आलेल्या पैशातून बांध-मानशींची दुरुस्ती, देवळाचा खर्च आणि सरकारचा सारा भागायचा आणि उरलेले गावकारांत वाटले जायचे. तो वाटा म्हणजे झोण. तो घ्यायला गावकार गरीब असावा लागत नव्हता, आजारी असावा लागत नव्हता, कोणाची शिफारस लागत नव्हती. गावकाराच्या घरात जन्म झाला एवढे पुरे होते. झोण घेणारा भाटकार (जमीनदार) ताठ मानेने घ्यायचा आणि त्याचा गरीब भाऊबंदही तितक्याच ताठ मानेने घ्यायचा. मात्र झोणाचे दोष झाकून चालणार नाही. तो पुरुष वारसांनाच मिळायचा. गावकाराची मुलगी, मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा), गावाला मीठ आणि मडकी पुरवणारा यांना त्यात जागा नव्हती. ज्यांच्या घामावर शेत पिकायचे, त्यांतल्या अनेकांचा वाटा शून्य. दुसरा दोष उत्पन्नाच्या पायाचा. कूळ कायदा आल्यावर खंड घटला, पावणीला अर्थ उरला नाही आणि झोण नाममात्र झाला. कूळ कायदा न्याय्य होता, तो व्हायलाच हवा होता. पण एकाच स्रोतावर टेकलेला हक्क स्रोत आटला की आटतो, हे यातून दिसते.

खाणींच्या बाबतीत हे अजून ताजे आहे. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विकल्या जाणाऱ्या लोहखनिजाच्या किमतीतले १० टक्के पुढच्या पिढ्यांसाठी कायमनिधीत ठेवायला सांगितले. खनिज हा सगळ्या गोवेकरांचा वारसा आहे, त्याचे मोल निधीत साठवून त्याचे उत्पन्न प्रत्येकाला सारखे वाटा, अशी मागणी गोंयची माती चळवळ करत आली आहे. ही मागणी म्हणजे सुधारलेला झोणच, बायकांना धरून आणि मुंडकारांना धरून. तिला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण ती राष्ट्रीय कायद्याच्या शेजारी उभी राहावी, त्याच्या जागी नव्हे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले, तेव्हा डिचोली-सांगे भागात काय झाले ते आठवावे. खाणबाधितांसाठीची मदत मोजली गेली ती ट्रक, बार्ज, यंत्रे आणि नोकरीचे कागद पाहून. ट्रकवाल्यांना चहा-भजी देणाऱ्या गाडेवालीकडे यांतला कोणता कागद असणार? धंदा मात्र तिचाही त्याच दिवशी बसला. व्यक्तीला दिलेली रक्कम अशा वेळी आपोआप तिच्यापर्यंत पोहोचलेली असते.

पैशाचा हिशेब टाळून चालणार नाही. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली आणि अगदी मुलांसकट प्रत्येकाला महिन्याला हजार रुपये द्यायचे म्हटले, तर वर्षाला १६.८ लाख कोटी लागतात. २०२५-२६ चा केंद्रीय अर्थसंकल्पच सुमारे ५०.६५ लाख कोटींचा होता. म्हणजे एक तृतीयांश. हे उद्या सकाळी जमणार नाही, आणि जमेल म्हणणारा फसवतो आहे. २०१६-१७ च्या आर्थिक सर्वेक्षणात तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी माणशी वर्षाला ७,६२० रुपयांचा आराखडा मांडला होता. पंचाहत्तर टक्के लोकसंख्या धरूनही त्याचा खर्च सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ४.९ टक्के येत होता. म्हणून टप्पे हवेत. साठीच्या पुढचे लोक सुमारे १६ कोटी. त्यांना गोव्याइतके, म्हणजे महिन्याला २,००० द्यायचे तर वर्षाला ३.८४ लाख कोटी, सकल उत्पन्नाच्या एक टक्क्याहून किंचित जास्त. ही रक्कम मोठी आहे, पण अशक्य नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कर कमी केला तेव्हा वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडत असल्याचे सरकारनेच सांगितले होते. २०२५ मध्ये बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले तेव्हा १ लाख कोटी सोडले. या दोन्ही वेळी पैसा कुठून आणणार, हा प्रश्न टीव्हीवर किती जणांनी विचारला? आणि टप्प्याची सुरुवात म्हाताऱ्यांपासून करण्याचे एक साधे कारण आहे. वय खोटे सांगता येत नाही असे नाही, पण उत्पन्नापेक्षा ते तपासणे फार सोपे असते आणि सत्तरीतल्या माणसाला आळशी होण्याची भीती कोणी घालत नाही.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा आळसाचा नाहीच. रोख रक्कम द्यायची आणि तिच्या नावाखाली रेशन, शाळा, दवाखाने काढून घ्यायचे, ही ती भीती. ती खरी आहे. आर्थिक सर्वेक्षणातल्या आराखड्याचा रोखच चालू योजना बंद करून पैसा मोकळा करण्याकडे होता. झारखंडमध्ये रांचीजवळच्या नगडी तालुक्यात ऑक्टोबर २०१७ पासून हे करून पाहिले गेले. आधी एक रुपया किलोने मिळणारा तांदूळ रेशन दुकानातून बत्तीसच्या घरात विकत घ्यायचा आणि फरकाचे पैसे बँकेत जमा व्हायचे. कागदावर कोणाचेच नुकसान नव्हते. प्रत्यक्षात पैसे आले की नाहीत हे विचारायला बँकेत एक फेरी, काढायला प्रज्ञा केंद्रात (सरकारी सेवा केंद्रात) दुसरी, मग दुकानात तिसरी. गेल्या महिन्याचे पैसे आले नसतील, तर या महिन्याचा तांदूळ घ्यायला रोकड कुठून आणायची? लोक रस्त्यावर उतरले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने ते मागे घेतले. इराणने डिसेंबर २०१० मध्ये इंधन आणि पावावरची सवलत काढून माणशी महिन्याला ४,५५,००० रियाल द्यायला सुरुवात केली. तेव्हा त्याचे सुमारे ४५ डॉलर होत. आकडा तोच राहिला, महागाई धावत राहिली, आणि दहा वर्षांनी खुल्या बाजारात त्याचे तीन डॉलरही धड होत नव्हते. सवलत गेली ती गेलीच. म्हणून आपल्या कायद्यात दोन कलमे अशी हवीत, ज्यांवर तडजोड नाही. अन्नसुरक्षा कायद्यातले धान्य आणि सरकारी आरोग्यसेवा या रकमेच्या बदल्यात कमी करता येणार नाही. आणि रक्कम दरवर्षी १ एप्रिलला ग्राहक किंमत निर्देशांकानुसार वाढेल, मंत्रिमंडळाने ठराव करो वा न करो. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, शस्त्रक्रिया महाग झाली, तर महिन्याच्या हजार रुपयांना काय अर्थ?

मग कायदाच का, चांगली योजना का पुरत नाही? मराठी वाचकाला याचे उत्तर आपल्याच इतिहासात सापडेल. वि. स. पागे यांची रोजगार हमी कल्पना १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर राबवली गेली ती योजना म्हणून. दुष्काळ सरल्यावर ती गुंडाळली जाऊ शकली असती. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि काम मागितल्यावर ते देणे सरकारवर बंधनकारक झाले. त्यासाठी व्यवसाय कराचा पैसा बाजूला काढला गेला. पुढे २००५ चा केंद्रीय कायदा त्याच वाटेने आला. उलट लाडकी बहीण पाहा. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर अर्ज भराभर मंजूर झाले, निवडणूक झाल्यावर छाननी सुरू झाली, ई-केवायसी आले आणि नावे कमी होऊ लागली. तीच बाई, तेच घर. जुलैत पात्र असलेली वर्षभराने अपात्र ठरते, मधल्या काळात तिने काही केलेले नसते.

पण कायदा झाला म्हणजे सुटलो, असेही नाही. २००५ च्या कायद्यात मजुरी पंधरा दिवसांत द्यायची आणि सोळाव्या दिवसापासून दिवसाला ०.०५ टक्के भरपाई द्यायची तरतूद होती. प्रत्यक्षात उशीर मोजला जायचा तो स्थानिक कचेरीने देयकाचा आदेश काढेपर्यंतचाच. तिथून पुढे केंद्राकडून पैसे यायला लागलेले दिवस हिशेबातच नसत, आणि हे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मांडावे लागले. मार्च २०२२ पासून केंद्राने कलम २७ वापरून पश्चिम बंगालचा निधीच रोखला. गैरव्यवहार कोणी केला, आणि घाम गाळून बसलेली मजुरी कोणाची अडकली? अलास्कात १९७६ साली तेलाच्या उत्पन्नाचा कायमनिधी घटनेत घातला गेला, १९८२ पासून तिथे प्रत्येक रहिवाशाला वाटा मिळतो, त्यासाठी कायद्यात सूत्रही आहे. तरी २०१६ मध्ये गव्हर्नरने ती रक्कम निम्म्याच्या आसपास आणली आणि वार्षिक मंजुरीशिवाय पैसे देता येत नाहीत म्हणून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती कपात उचलून धरली. कॅनडात सप्टेंबर २०२४ मध्ये संसदेने फेटाळलेल्या विधेयकात तर रक्कमच नव्हती, अर्थमंत्र्यांनी आराखडा तयार करावा एवढेच होते. आपल्या राज्यघटनेत याला उपाय आहे. अनुच्छेद ११२(३) नुसार संसद कायदा करून एखादा खर्च संचित निधीवर भारित ठरवू शकते, म्हणजे त्यावर दरवर्षी मतदान होत नाही. सरकारी कर्जावरचे व्याज असेच भारित आहे, आणि २०२५-२६ मध्ये त्याचा आकडा १२.७६ लाख कोटी होता. सावकाराची रक्कम मतदानाला टाकत नसू, तर म्हाताऱ्याची का टाकावी?

उरतात त्या अंमलबजावणीच्या बारीक गोष्टी, ज्यांत चांगले कायदे बुडतात. आधारवरून पैसे पाठवताना ते खातेदाराने सांगितलेल्या खात्यात जातातच असे नाही. आधार क्रमांक ज्या बँकेशी सर्वांत शेवटी जोडला गेला, तिथे ते जातात. २०१७ मध्ये मोबाइलच्या सिमकार्डाची पडताळणी करताना अनेकांची नकळत पेमेंट बँकेत खाती उघडली गेली आणि गॅसचे अनुदान तिकडे गेले, ते याच कारणाने. म्हणून खाते बदलायला लेखी संमती आणि बदलल्यावर कागदी पत्र हवे. नावांचा घोळ गोव्यात जास्त. पोर्तुगीज जन्मनोंदीतले लांबलचक नाव, निवडणूक ओळखपत्रावरचे दुसरे, आधारवरचे तिसरे. नाव जुळत नाही एवढ्यावरून देयक थांबवता येणार नाही, असे कलमातच हवे. ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले त्यांचा प्रश्न गोव्यात उठणारच, आणि त्यावर भावनेने भांडण्यापेक्षा हक्क नागरिकत्वावर द्यायचा की वास्तव्यावर, हे आधी ठरवावे. मालीम आणि कुटबणच्या जेटीवर ओडिशा-झारखंडचे खलाशी आहेत. इथे पंधरा वर्षे झाली नाहीत म्हणून गोव्याच्या योजनेत नाहीत, गावी नाहीत म्हणून तिकडच्या यादीतून गळालेले. राज्यांच्या योजनांनी हा माणूस कधीच पकडता येणार नाही, राष्ट्रीय कायद्यानेच येईल.

आणि हयातीचा दाखला. दरवर्षी ऐंशीच्या म्हातारीने रिक्षा करून बँकेत जायचे, काउंटरपुढे उभे राहून आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचे, अंथरुणाला खिळली असेल तर कोणालातरी घरी बोलावायचे, आणि तारीख चुकली की पैसे बंद. मृत्यूची नोंद मात्र पंचायतीत आणि पालिकेत १९६९ च्या कायद्याने सक्तीची आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्या नोंदींचा देशभरचा माहितीसाठाही कायद्यात आला आहे. ती नोंद निवृत्तिवेतनाच्या यादीशी जुळवणे हे सरकारचे काम. मसुद्यात ते एका ओळीत बसते: मृत्यूची नोंद होईपर्यंत देयक चालू राहील.